बेज्जूरचा नाताळवृक्ष

काझीपेठहून बल्लारशाकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सिरपूर कागजनगर नावाचे स्थानक आहे. एके काळी कोत्तपेट म्हणून ओळखले जाणारे हे गाव निजामाच्या राजवटीत तेथे कागदाची गिरणी उभी राहिल्यामुळे कागजनगर झाले. ही गिरणी २०१४ साली बंद पडली आणि २०१८ साली पुन्हा सुरू झाली, हे आमच्या भागातील बहुतेकांना ठाऊक असेलच. या गिरणीने आजूबाजूच्या रानातला किती बांबू पोटात घातला असेल, याचा विचार करीतच मी गेल्या डिसेंबरात त्या स्थानकावर उतरलो. नाताळची सुटी, तिला जोडून घेतलेली दोन दिवसांची किरकोळ रजा आणि एका जुन्या विद्यार्थ्याचे आग्रहाचे निमंत्रण असा तिहेरी योग जुळून आला होता. हा विद्यार्थी आता बेज्जूर येथे शिक्षक आहे. शिष्याने गुरूला घरी बोलवावे यासारखे सुख शिक्षकाच्या आयुष्यात दुसरे नाही. ते नाकारण्याइतका मी अरसिक नाही.

कागजनगरहून बसने बेज्जूरला जावयाचे. शहर मागे पडले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापसाची शेते लागतात, आणि शेतांच्या पलीकडे सागाचे रान सुरू होते. डिसेंबरात सागाची रुंद पाने तांबूस होऊन त्यांची चाळण झालेली असते. कापसाची वेचणी चाललेली होती. हिरव्यातून करड्याकडे झुकलेल्या शेतात पांढरी बोंडे उमललेली आणि त्यांत ओणवलेल्या बाया, असे चित्र खिडकीतून सारखे सरकत होते. पूर्वेकडे प्राणहिता वाहते. वर्धा आणि वैनगंगा या आपल्या विदर्भाच्या दोन लेकी एकत्र येऊन प्राणहिता हे नवे नाव धारण करतात. तिच्या पलीकडच्या तीरावर गडचिरोली जिल्हा, म्हणजे महाराष्ट्र. नदीच्या अलीकडे तेलंगण, पलीकडे महाराष्ट्र; परंतु रान दोहोंकडे एकच, आणि वाघही राज्याची सीमा न विचारता ये-जा करतात. २०१६ साली जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, तेव्हा बेज्जूर कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेले. तरी आम्हां जुन्या माणसांच्या तोंडी ‘आदिलाबादकडचे बेज्जूर’ हेच बसले आहे. तेथे बाजारात तेलुगू, पुष्कळांच्या घरी मराठी आणि पाड्यांवर गोंडी ऐकू येते. एकाच माणसाच्या बोलण्यात तिन्ही भाषा एका वाक्यात भेटाव्यात, हेही तेथे नवलाचे नाही.

माझ्या विद्यार्थ्याच्या घराशेजारी एक लहानसे ख्रिस्ती प्रार्थनाघर आहे. कौलारू छप्पर, चुन्याने सारवलेल्या भिंती आणि पुढे ऐसपैस ओटा. या ओट्यावर संध्याकाळी पाळक आणि माझा विद्यार्थी मिळून गावातल्या मुलांचा अभ्यास घेतात. मुले साऱ्या जातिधर्मांची. मी पोहोचलो त्या संध्याकाळी मात्र ओट्यावर पुस्तके नव्हती. मधोमध एक बांबू उभा केलेला होता. त्याच्याभोवती खालपासून वरपर्यंत लहान लहान होत जाणारी कामट्यांची कडी बांधलेली होती. चार-पाच मुले त्या सांगाड्यावर खळ लावून हिरवा पतंगी कागद चिकटवीत होती.

मी विचारले, “हे काय चालले आहे?”

एक मुलगा म्हणाला, “नाताळाचं झाड, सर.”

मी हसलो. सभोवती एवढे रान असताना कागदाचे झाड कशाला, असे सहज माझ्या तोंडून निघून गेले. मुले एकमेकांकडे पाहू लागली. माझा विद्यार्थी हलक्या आवाजात म्हणाला, “सर, ते मी तुम्हांला जेवताना सांगतो.”

जेवताना त्याने सांगितलेली हकीकत अशी. आदल्या वर्षी प्रार्थनाघरातील तरुणांनी खरे झाड आणण्याचे ठरविले. साग त्या दिवसांत शोभेचा राहिलेला नव्हता, म्हणून त्यांनी रानाच्या कडेचे एक सरळ वाढलेले, पानांनी भरलेले कोवळे झाड तोडून आणले आणि हौसेने सजविले. ते झाड ऐनाचे होते. ऐनाला गोंड लोक साज म्हणतात, आणि त्यांचा मोठा देव त्या झाडात राहतो अशी त्यांची श्रद्धा आहे. जवळच्या पाड्यावरील एक वृद्ध गृहस्थ दुसऱ्या दिवशी ओट्यापाशी आले, झाडाकडे बघत थोडा वेळ उभे राहिले आणि काही न बोलता परत गेले. त्यानंतर पाड्यावरची अकरा मुले अभ्यासाला येईनाशी झाली. भांडण झाले नाही, तक्रार झाली नाही. मुले फक्त येईनाशी झाली. परीक्षा जवळ आली तरी ती आली नाहीत. अखेर पाळक आणि माझा विद्यार्थी पाड्यावर गेले, तेव्हा त्या वृद्धांनी एवढेच म्हटले, “ऐन नका तोडू. दुसरं काहीही घ्या. त्यात आमचा देव राहतो.”

पाळकांनी तेथल्या तेथे क्षमा मागितली आणि पुन्हा कोणतेही जिवंत झाड तोडणार नाही असा शब्द दिला. तरी अकरांपैकी तीनच मुले परत आली. यंदाचे कागदाचे झाड हा तो शब्द होता. मी मात्र त्याला हसलो होतो.

त्या रात्री मला लवकर झोप आली नाही. नाताळच्या झाडाविषयी जे काही वाचले होते ते आठवू लागलो. आपल्यापैकी पुष्कळांची समजूत अशी असते, की ही चाल ख्रिस्ती धर्माइतकीच जुनी असावी. वस्तुतः तसे नाही. ज्या देशात येशू जन्मला तेथे बर्फाने झाकलेली फर वृक्षांची रानेही नाहीत. नाताळचे झाड जन्मले ते युरोपातल्या जर्मन मुलखात. तेथे हिवाळ्यात साऱ्या वृक्षांची पाने झडतात, दिवस चार घटकांचा वाटतो, आणि त्या मरगळीत फर आणि स्प्रूस ही सूचिपर्णी झाडे तेवढी हिरवी राहतात. त्या हिरवेपणाचे माणसाला अप्रूप वाटावे यात नवल नाही. मध्ययुगात २४ डिसेंबर हा आदाम आणि हव्वा यांचा दिवस मानीत. त्या सुमारास नंदनवनाचे नाटक होई आणि त्यासाठी एक हिरवे झाड उभारून त्यावर सफरचंदे टांगीत. नाताळच्या झाडावरील लाल गोळ्यांचे मूळ या सफरचंदांत आहे, असे अभ्यासक मानतात. १६०५ सालच्या सुमाराचे स्ट्रासबुर्ग नगराचे एक वर्णन उपलब्ध आहे. लोक दिवाणखान्यात फरची झाडे उभी करतात आणि त्यांवर कागदी गुलाब, सफरचंदे, पापडीसारखे पातळ खाद्य, सोनेरी वर्ख आणि मिठाई टांगतात, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे कागद तेथे पहिल्यापासून आहे! मार्टिन ल्यूथरने चांदण्या रात्री रानातून येताना फांद्यांआडचे तारे पाहिले आणि घरी येऊन झाडावर मेणबत्त्या लावल्या, ही गोष्ट गोड आहे. परंतु ती आख्यायिका होय.

इंग्रजांकडे ही चाल उशिरा गेली. १८०० साली राणी शार्लट हिने विंडसर येथे मुलांच्या मेजवानीसाठी झाड सजविले. ती जर्मन घराण्यातली. पुढे राणी व्हिक्टोरियाचा पती प्रिन्स अल्बर्ट, तोही जर्मन, याने ती हौस राजवाड्यात रुजविली. १८४८ साली राजकुटुंब सजविलेल्या झाडाभोवती उभे आहे असे चित्र लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात छापले गेले आणि मग घरोघर झाडे आली. तेच चित्र थोडा फेरफार करून १८५० साली अमेरिकेतल्या एका स्त्रियांच्या मासिकात आले. १८८२ साली न्यूयॉर्क येथे एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने आपल्या घरच्या झाडावर विजेचे ऐंशी दिवे लावले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने केलेल्या साहाय्याची आठवण म्हणून नॉर्वेची राजधानी ऑस्लो १९४७ पासून दरवर्षी लंडनच्या ट्रॅफल्गार चौकासाठी एक उंच झाड पाठवीत आली आहे. झाड भेट देऊन कृतज्ञता सांगावी, ही कल्पना मला फार आवडते.

परंतु या इतिहासात मला त्या रात्री सर्वांत महत्त्वाची वाटली ती दुसरीच गोष्ट. ज्या जर्मनीने जगाला हे झाड दिले, तेथेही सर्वांना ते लाभत नसे. कित्येक घरांत झाडाऐवजी लाकडी पट्ट्यांचा निमुळता मनोरा करीत, त्याला हिरवी डहाळी गुंडाळीत आणि त्यावर मेणबत्त्या लावीत. एकोणिसाव्या शतकात तेथील रानांवर झाडतोडीचा ताण पडू लागला, तेव्हा कलहंसाची पिसे हिरवी रंगवून, ती तारेवर गुंडाळून लोकांनी पिसांची झाडे केली. म्हणजे बेज्जूरच्या मुलांनी कामट्यांचे आणि कागदाचे झाड केले, ती काही गरिबाची नक्कल नव्हे. ती या परंपरेचीच एक जुनी शाखा आहे.

आपल्या मराठी मुलखातही हे झाड आले ते स्थानिक रूप घेऊन आले. नगरला, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ साली सुरू झाले आणि १८४२ साली तेथून ‘ज्ञानोदय’ निघू लागला. रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्यामुळे तो परिसर प्रत्येक मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे. तेथील ख्रिस्ती घरांत नाताळला करंज्या, लाडू, चकल्या होतात. फराळाचे ताट पाहून दिवाळी की नाताळ हे ओळखू येऊ नये! ‘नाताळ’ हा शब्दही आपण पोर्तुगीजांकडून घेतला आणि इतका आपलासा केला, की त्याचे परकेपण कोणाच्या ध्यानातही येत नाही. कोकणात आणि गोव्यात फर कोठून मिळणार? तेथे सुरूची फांदी आणून तिचे झाड करतात. शहरांतून आता बारमाही प्लास्टिकची झाडे मिळतात, ती गोष्ट वेगळी. आमच्या भागापुरते सांगावयाचे, तर १९९९ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातील सिरो-मलबार कॅथलिक चर्चचा कारभार चांदा धर्मप्रांतात मोडत असे. त्या वर्षी आदिलाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. राज्यांच्या सीमा १९५६ साली आखल्या गेल्या. परंतु माणसांचे आणि श्रद्धांचे येणेजाणे त्यानंतरही नदी ओलांडून चालूच राहिले.

इतके आठवून झाल्यावर मन स्वाभाविकच स्वतःच्या घराकडे वळले. झाड सजविणे ही का केवळ ख्रिस्ती लोकांची रीत आहे? चैत्र प्रतिपदेला आपण बांबूची काठी धुऊन पुसून उभी करतो. तिला रेशमी वस्त्र, कडुनिंबाची डहाळी, आंब्याची पाने, फुलांचा हार आणि साखरेच्या गाठी बांधतो. स्ट्रासबुर्गच्या झाडावरची मिठाई आणि आपल्या गुढीवरची गाठी यांत माणसाच्या मनाचा कौल एकच आहे. आनंद झाला की तो उंच टांगावयाचा आणि गोड करावयाचा. आमच्या तेलंगणात नवरात्राच्या दिवसांत बायका तरवडाची पिवळी आणि इतर रानफुले थरांवर थर रचून बतुकम्मा करतात. तिचा तो निमुळता फुलांचा मनोरा शेजारी ठेवला, तर नाताळच्या झाडाची धाकटी बहीणच शोभेल.

आणि वटपौर्णिमा? वडाला सूत गुंडाळणे हेही झाडाला नटविणेच. परंतु शहरांतून आता वडापाशी जाण्याचा कंटाळा येतो आणि बाजारात वडाच्या फांद्या विकत मिळतात. वडाला दीर्घायुष्य मागावयाचे आणि त्यासाठी त्याचाच हात तोडून आणावयाचा! माझ्या घरातही कित्येक वर्षे अशी फांदी येत असे. मी कधी ‘नको’ म्हटल्याचे मला आठवत नाही.

पण मला खरे टोचले ते दुसरेच. मी ज्या शाळेत प्रथम मुख्याध्यापक झालो, तिच्या आवारात एक आपट्याचे झाड होते. दसऱ्याला इकडचे लोक शमीची म्हणजे जम्मीची पाने देतात. आपण मराठी माणसे आपट्याची. आपली रीत परमुलखात टिकावी या अभिमानाने मी मुलांना सांगितले, “प्रत्येकाने आपट्याची पाने घरोघर न्यावीत.” मुलांनी पाने नेली, डहाळ्या नेल्या, फांद्या ओढून मोडल्या, साल सोलली. दुसऱ्या वर्षीही तेच झाले, तिसऱ्या वर्षीही. चौथ्या पावसाळ्यात त्या झाडाला पालवी फुटली नाही. शिपायाने ते सरपणासाठी तोडले, तेव्हा मी कार्यालयात बसून वेतनपत्रकावर सह्या करीत होतो. परंपरा टिकविण्याच्या भरात मी परंपरेचे झाडच घालविले. या गोष्टीचा उच्चार मी आजवर कोणाजवळ केला नव्हता. बेज्जूरच्या तरुणांनी एक ऐन तोडले आणि त्यांना अकरा मुलांच्या न येण्याने त्याची जाणीव झाली. मला जाणीव करून देणारे कोणी नव्हते, एवढाच काय तो फरक.

दुसऱ्या दिवशी, २४ तारखेला, मी सकाळीच ओट्यावर जाऊन बसलो. मुलांना चांदणी करावयाची होती. परंतु तिचे कोन जुळेनात. लहानपणी माझ्या वडिलांनी मला दिवाळीचा आकाशकंदील करावयास शिकविला होता. कामट्यांचे दोन पंचकोनी तारे बांधावयाचे, त्यांच्यामध्ये आडव्या काड्या घालून पोट फुगवावयाचे आणि मग कागद ताणून चिकटवावयाचा. बोटे ते विसरली नव्हती. तासाभरात चांदणी तयार झाली. बेथलेहेमचा तारा मराठी आकाशकंदिलाच्या रीतीने बेज्जूरच्या बांबूवर चढला, यात कोणाला विसंगती वाटली नाही, मलाही नाही.

एक लहान मुलगी ओंजळीत कापूस घेऊन आली. आदल्या दिवशी आईबरोबर वेचलेला, सरकीसकट. ती कागदी पानांवर तो नीट पसरू लागली. मी विचारले, “हे काय गं?”

“बर्फ,” ती म्हणाली.

“पाहिला आहेस का कधी?”

“नाही. पण असाच असतो.”

मी तिला दुरुस्त केले नाही. जर्मनीतल्या बर्फाहून हा बर्फ तिच्या घरच्यांनी अधिक कष्टाने मिळविला होता.

दुपार कलली तेव्हा पाड्याकडून ते वृद्ध गृहस्थ येताना दिसले. खांद्यावर दोन हिरवे वेळू होते. त्यांच्या मागोमाग मुले होती. मी न कळत मोजू लागलो. तीन नव्हती, सात होती. वृद्धांनी वेळू ओट्याशी ठेवले आणि पाळकांना म्हणाले, “माझ्या परसातले आहेत. मांडवाला लागतील.” पाळकांनी पुढे होऊन त्यांचे हात हाती घेतले. ओट्यावर घोंगडी अंथरली गेली, चहा आला. ते त्या कागदी झाडाकडे बराच वेळ पाहत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “गुरुजी, हे बरं आहे. याला कुऱ्हाड लागत नाही.”

मी त्यांना माझ्या आपट्याची गोष्ट सांगितली. का सांगितली, ते सांगता येणार नाही. कदाचित ती त्यांच्याच जवळ सांगण्यासारखी होती म्हणून. त्यांनी ऐकून घेतले. दोष दिला नाही, समजूतही घातली नाही. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “मग दुसरं लावलं की नाही?”

मी गप्प राहिलो. लावले नव्हते.

रात्री झाडाभोवती दिवे लागले. विजेची एकच माळ होती आणि तीही मध्येच विझे. तेव्हा बायकांनी घरातल्या पणत्या आणून खाली मांडल्या. तेलुगूत एक गीत झाले, मग मराठीत एक. सातही मुले पुढच्या रांगेत बसली होती. उरलेली चार आली नाहीत. ती कदाचित पुढे येतील, कदाचित येणारही नाहीत. तोडलेले झाड एका वर्षात वाढत नाही, तसा मोडलेला विश्वासही नाही, हे आपण वडील माणसांनी ध्यानात ठेविले पाहिजे.

परमुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपण मराठी कुटुंबांना सणवार जपण्याची फार काळजी असते, आणि ती योग्यच आहे. परंतु सण जपावयाचा म्हणजे त्यातली वस्तू ओरबाडून घरी आणावयाची, असे नव्हे. वडाची फांदी असो, आपट्याची डहाळी असो की नाताळचे झाड असो, शेजाऱ्याचे मन न दुखविता आणि झाडाला जागच्या जागी उभे ठेवून जो उत्सव करता येतो, तोच पुढच्या पिढीच्या हाती सुखरूप देता येईल. ज्यांच्या घरी नातवंडे नाताळच्या झाडासाठी हट्ट धरीत असतील, त्यांनी त्यांना कामट्या, खळ आणि पतंगी कागद आणून द्यावा. तोच कागद पुन्हा दिवाळीला उपयोगी पडेल.

बेज्जूरहून परतल्यावर मी दोन गोष्टी केल्या. सौभाग्यवतीला सारी हकीकत सांगितली. यंदा ज्येष्ठ पौर्णिमेला आमच्या घरी फांदी आली नाही. ती आणि शेजारच्या दोघी तलावाकाठच्या वडापर्यंत चालत गेल्या. आणि पहिला पाऊस पडल्यावर मी माझ्या त्या जुन्या शाळेत जाऊन, तेथील मुख्याध्यापकांच्या अनुमतीने, जेथे आपटा होता तेथेच आपट्याचे एक रोप लावले. भोवती बांबूच्या कामट्यांचे कुंपण केले. दसऱ्याला त्याची पाने कोणी तोडू नयेत, असे मुलांना सांगून आलो आहे. त्याला पाहावयास मात्र अवश्य यावे.